ड्रंक अँड ड्राइव्हची केस: नाक्यावरच्या फुंकेपासून परवाना परत मिळेपर्यंत

दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं की दहा हजार भरायचे आणि मोकळं व्हायचं, असा सर्रास समज आहे. यात दोन चुका आहेत. हे दहा हजार नाक्यावर भरताच येत नाहीत. आणि दंड हा या केसचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. खरा फटका परवान्याला बसतो, तोही दोन वेगवेगळ्या कार्यालयांकडून. अपघात झाला असेल तर विमा आणि फौजदारी कलमं यांचा हिशेब वेगळाच. म्हणून कोर्टात "गुन्हा कबूल" म्हणण्याआधी पुढे काय काय येतं ते माहीत असावं. इथे दिलेली माहिती भारतातल्या कायद्याची आहे. महाराष्ट्रातली वेगळी बाब असेल तिथे तसं म्हटलं आहे.

कलम १८५ नेमकं काय म्हणतं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे गाडी चालवणाऱ्याच्या किंवा चालवायचा प्रयत्न करणाऱ्याच्या दर १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा पुरा होतो. गाडी वाकडीतिकडी चालवली होती का, कुणाला धक्का लागला का, हे प्रश्नच येत नाहीत. "मी एकदम व्यवस्थित चालवत होतो" या बचावाला त्यामुळे काही अर्थ उरत नाही. अमली पदार्थांचं तसं नाही. तिथे आकडा ठरवलेला नाही, पण गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता हे पोलिसांना सिद्ध करावं लागतं.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या आणि त्यापुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीने आले. आधी ते "दोन हजारांपर्यंत" आणि "तीन हजारांपर्यंत" असे होते. या दुरुस्तीत दोन गोष्टी बदलल्या, त्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पहिली म्हणजे "पर्यंत" हा शब्द गेला. कलमात आता दंडाची रक्कम ठाम आहे, त्यामुळे "साहेब, पहिलीच वेळ आहे, हजारावर भागवा" या विनंतीला कलमाचा आधार नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पूर्वी पहिल्या गुन्ह्यानंतर तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलं तरच तो "दुसरा गुन्हा" धरला जायचा. ती मुदत काढून टाकली आहे. आठ वर्षांपूर्वी गुन्हा कबूल करून विसरून गेलेल्या माणसाची आजची केस त्यामुळे "दुसरी" ठरू शकते.

गाडी म्हणजे फक्त कार नव्हे. मोटारसायकल, स्कूटर, रिक्षा, ट्रॅक्टर सगळं यात येतं. सायकल येत नाही.

तीस मिलिग्रॅम म्हणजे किती

रक्तातलं प्रमाण वजनावर, शरीरातल्या पाण्याच्या प्रमाणावर, पोटात जेवण आहे की नाही यावर आणि वेळेवर ठरतं. ढोबळ हिशेब असा. पाच टक्के मद्यार्काची ३३० मिलीची बिअर म्हणजे सुमारे १३ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने साधारण २८-२९ मिलिग्रॅमपर्यंत पातळी जाते, म्हणजे एका छोट्या बाटलीतच काठ गाठला. ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग घेतला तर त्याच माणसाची पातळी ४३-४५ च्या आसपास जाते. पंचावन्न किलोच्या बाईच्या रक्तात तोच पेग ७० च्या घरात नेऊ शकतो, कारण वजन कमी आणि शरीरातलं पाण्याचं प्रमाणही कमी. आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर एकट्याने संपवली तर सत्तर किलोचा पुरुष ९० च्या जवळ पोहोचतो.

उतरायचा वेग ताशी साधारण १५ मिलिग्रॅम. कुणाचा १०, कुणाचा २०-२५. म्हणजे त्या स्ट्राँग बिअरनंतर तीसच्या खाली यायला चार तास लागतात. कॉफी, लिंबूपाणी, आंघोळ, ओकारी, पान, बडीशेप यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. यकृत त्याच्या चालीने चालतं. पान-वेलदोड्याने तोंडाचा वास झाकला जातो, पण यंत्र फुप्फुसातल्या हवेतला मद्यार्क मोजतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री चार मोठे पेग झाले, एकला झोपला, आठला ऑफिसला निघाला. पातळी एकच्या सुमारास १७० असेल तर सात तासांत ती १०५ ने उतरते, म्हणजे सकाळी आठला रक्तात अजून ६५ शिल्लक. माणूस ताजातवाना असतो, डोकं थोडं जड असतं इतकंच, आणि कायद्याच्या दृष्टीने मर्यादेच्या दुपटीवर असतो.

हे आकडे "एवढी प्यायली तर चालेल" असा हिशेब मांडण्यासाठी नाहीत. त्याच माणसाचा आकडा रिकाम्या पोटी आणि जेवणानंतर वेगळा येतो, त्यामुळे काठावरचा हिशेब हमखास चुकतो.

नाकाबंदीत

कलम २०३ नुसार गणवेशातला पोलीस अधिकारी, किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकृत अधिकारी, सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याला श्वासाचा नमुना द्यायला सांगू शकतो. त्यासाठी त्याला संशयाचं वाजवी कारण हवं: वास, लाल डोळे, जडावलेलं बोलणं, गाडीची चाल. यंत्र केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचं असायला हवं.

फुंकायच्या आधी नळी नवी आहे का ते पाहा. पाकिटातली नळी तुमच्यासमोर फोडा म्हणून सांगणं हा उद्धटपणा नाही. नुकतंच माउथवॉश वापरलं असेल, खोकल्याचं औषध किंवा होमिओपॅथीचा अर्क घेतला असेल, तर तसं लगेच आणि स्पष्ट सांगा, आणि पाण्याने खळखळून चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या अशी मागणी करा. तोंडात उरलेला मद्यार्क तेवढ्या वेळात निघून जातो. रक्तातला जात नाही. औषधामुळेच आकडा आला असेल तर दुसरी चाचणी ते दाखवते. खरंच प्यायला असाल तर दुसऱ्यांदाही जवळपास तोच आकडा येईल.

आकडा बघताना एकक बघा, गोंधळ इथेच होतो. काही यंत्रं रक्तातलं प्रमाण थेट मिलिग्रॅममध्ये दाखवतात, म्हणजे मर्यादा ३०. काही टक्क्यांत दाखवतात, तिथे तीच मर्यादा ०.०३०. काही यंत्रं दर लिटर श्वासातले मिलिग्रॅम दाखवतात, तिथे ती ०.१४ च्या आसपास येते, कारण रक्त आणि श्वास यांचं गुणोत्तर २१०० ला १ धरलेलं असतं. पडद्यावर "०.१२" दिसलं आणि एकक रक्ताच्या टक्क्यांचं असेल तर तो मर्यादेच्या चौपट आकडा आहे. एकक श्वासाचं असेल तर तुम्ही मर्यादेच्या आत आहात. छापील पावती मागा. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, तारीख, वेळ, आकडा, गाडीचा नंबर आणि तुमचं नाव असतं. सही करण्याआधी वेळ आणि नाव जुळतं का ते वाचा. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते आणि तारीख पडते तेव्हा हातात कोरा कागद राहतो.

फुंकायला नकार दिला तर? नकार हा सुटकेचा मार्ग नाही. संशयाचं वाजवी कारण असेल तर कलम २०३(४) खाली विना वॉरंट अटक होऊ शकते. पुढे कलम २०४ प्रमाणे डॉक्टरकरवी रक्त घेता येतं. शिवाय कलम २०५ मुळे सबळ कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालय तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला दुजोरा म्हणून धरू शकतं. दम्याचा झटका, छातीचं दुखणं असं खरं कारण असेल तर तिथेच सांगा आणि रक्ततपासणीला तयार आहात असं म्हणा.

गाडीचं काय करायचं? बरोबर न प्यायलेला परवानाधारक असेल किंवा पटकन येऊ शकत असेल तर गाडी त्याच्या ताब्यात द्यायची विनंती करा. कुणीच नसेल तर पोलीस ती सुरक्षिततेसाठी चौकीत नेतात. नुसत्या ड्रंक अँड ड्राइव्हच्या केसमध्ये गाडी जप्त करता येत नाही, ती दुसऱ्या शुद्धीवरच्या माणसाकडे सोपवावी, असं तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं होतं. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, मात्र युक्तिवादात दाखवता येतो. गाडीची नोंदणीच नसेल तर गोष्ट वेगळी.

आता पैशांचा प्रश्न. हेल्मेट, सिग्नल यांसारखे गुन्हे जागेवर तडजोडीने मिटतात, कारण कलम २०० त्यांना तशी मुभा देतं. त्या यादीत १८५ नाही. म्हणून या कलमाखाली नाक्यावर घेतलेला कोणताही पैसा सरकारी दंड असू शकत नाही. तो लाच आहे, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवल्यास देणाऱ्याला संरक्षण मिळतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

अटक, दोन तास आणि रक्ताची बाटली

कलम १८५ खाली अटक केलेल्या माणसाची कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही तर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. दोन तास उलटले की केसच संपली असं लोक धरून चालतात. कलम फक्त कोठडीतून सोडायला सांगतं, केस तशीच राहते. पण अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ कागदावर असणं पुढे बचावाला उपयोगी पडतं, म्हणून दोन्ही वेळा लिहून ठेवा. पोलीस ठाण्यात पोहोचल्यावर पुन्हा एकदा श्वासाची चाचणी द्यायची संधी मिळणं हाही कायद्याने दिलेला हक्क आहे.

रक्त घेताना कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसू नये. ही अगदी प्राथमिक गोष्ट, पण गडबडीत चुकते, आणि बाटलीतल्या नमुन्यावर तिची सावली पडते. बाटलीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असतं. पहिलं रक्त सडून आपोआप मद्यार्क तयार होऊ देत नाही, दुसरं रक्त गोठू देत नाही. बाटली तुमच्यासमोर सीलबंद व्हावी, लेबलवर नाव, तारीख, वेळ यावी. महाराष्ट्रात असे नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात आणि तिथला अहवाल पोलीस ठाण्यात "सीए रिपोर्ट" (केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल) म्हणून ओळखला जातो. आरोपी स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर रक्त घेताना दुसरी स्त्री हजर असलीच पाहिजे.

डॉक्टरने नुसतं "तोंडाला वास, डोळे लाल, चाल अडखळती" लिहिलं आणि रक्त किंवा श्वासाची चाचणीच झाली नाही, तर सरकारी पक्षाची बाजू बरीच लंगडी होते. वास आणि लक्षणं एवढ्यावर अंमल सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात म्हटलं होतं. तरीही नाक्यावर फुंकणं टाळून नंतर याच्यावर सुटू असं गणित करू नका. वर सांगितलेलं कलम २०५ तिथे आडवं येतं.

गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन मिळणं हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. साध्या केसमध्ये पोलीस ठाण्यातच जातमुचलक्यावर (स्वतःच्या लेखी हमीवर) किंवा जामीनदारावर सोडतात. अटकेचं कारण सांगणं आणि तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

परवाना जातो, तो दोन वाटांनी

कलम २०६(४) प्रमाणे १८५ चा संशय असेल तर पोलिसांनी परवाना जप्त करून परवाना देणाऱ्या प्राधिकरणाकडे, म्हणजे आरटीओकडे, पाठवायचा असतो. बदल्यात तात्पुरती पोचपावती मिळते. घोटाळा या पोचपावतीचाच होतो. इतर काही गुन्ह्यांत परवाना घेतला तर मिळणाऱ्या पावतीवर गाडी चालवता येते. या पोचपावतीवर येत नाही, परवाना परत मिळेपर्यंत. तरीही "पावती आहे ना" म्हणून लोक दुसऱ्याच दिवशी गाडी काढतात. फोनमध्ये डिजिलॉकरवर परवान्याची प्रत असणं म्हणजे परवाना तुमच्याकडे असणं नव्हे. सारथी प्रणालीत, म्हणजे परवान्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, त्याची स्थिती बदललेली असते.

आरटीओ कारणे दाखवा नोटीस पाठवतं. तिला उत्तर द्या, आणि बाजू मांडायची संधी मिळते त्या दिवशी हजर राहा. पत्ता बदलला असेल आणि परवान्यावर जुनाच असेल तर नोटीस तिकडे जाईल आणि इकडे आदेश निघून गेलेला असेल. कलम १९(१अ) प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता, दुसऱ्याला थेट परवाना रद्द. प्राधिकरणाला पटलं तर ते मोकळंही सोडू शकतं, म्हणून उत्तरात नुसती माफी न लिहिता चाचणीचा आकडा, एकक, वेळ, औषधाची चिठ्ठी अशी ठोस बाजू लिहावी. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. मुदत संपली तरी परवाना आपोआप हातात पडत नाही. चालकांसाठीचा उजळणी प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. हे लक्षात न आल्याने तीन महिन्यांचे पाच महिने होतात.

ही झाली पहिली वाट. दुसरी कोर्टातून येते, आणि बहुतेकांना ती शिक्षा झाल्यावर कळते. कलम २०(२) प्रमाणे १८५ खाली दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने अपात्रतेचा आदेश द्यायचाच आहे, आणि तो किमान सहा महिन्यांचा. "देऊ शकेल" असं नाही, "देईल" असं. आरटीओचे तीन महिने आणि कोर्टाचे सहा महिने हे दोन स्वतंत्र आदेश आहेत. एक भोगला म्हणून दुसरा टळत नाही. अपील केलं तरी वरच्या न्यायालयाने वेगळं सांगेपर्यंत कोर्टाचा आदेश चालूच राहतो. अपात्रता मोठ्या मुदतीची असेल तर सहा महिने उलटल्यावर ती उठवण्यासाठी अर्ज करता येतो.

या काळात गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२ लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. त्यात अपघात झाला तर विमा कंपनीच्या लेखी तुम्ही विनापरवाना चालक असता. टॅक्सी, ट्रक, स्कूलबस चालवून पोट भरणाऱ्याच्या बाबतीत हे सहा महिने म्हणजे सहा महिन्यांचा पगार, हे दहा हजारांच्या शेजारी ठेवून बघा.

कोर्टाची तारीख

खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? कोर्टाच्या आवारात भेटणारा जो तो "कबूल करा आणि मोकळे व्हा" असाच सल्ला देतो. यंत्राचा आकडा स्पष्ट असेल, रक्ताचा अहवाल जुळत असेल, कागद नीट असतील, तर कबुली हा व्यवहारी मार्ग आहेच. पहिल्या गुन्ह्यात अनेकदा दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद एवढ्यावर निभावतं. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. तिच्याबरोबर किमान सहा महिन्यांची अपात्रता येते, पुढची केस "दुसरी" ठरते, आणि कबुलीनंतरचं अपील शिक्षा किती आणि ती कायद्यात बसते का एवढ्यापुरतंच उरतं. गुन्हा केलाच नव्हता हे मग सांगता येत नाही.

म्हणून आधी कागद मागून घ्या: फिर्याद, यंत्राची पावती, यंत्र तपासून प्रमाणित केल्याचा दाखला, डॉक्टरचा अहवाल, सीए रिपोर्ट, पंचनामा. वकिलाला ते दाखवा आणि मग ठरवा. सरकारी पक्षाची केस सहसा ढासळते ती अशा जागी: पावतीवरचं नाव किंवा वेळ फिर्यादीशी जुळत नाही, आकड्याचं एकक कुठेच लिहिलेलं नाही, यंत्राच्या प्रमाणीकरणाची मुदत संपलेली होती, रक्ताची बाटली कुणाच्या ताब्यात किती दिवस होती याची नोंद तुटलेली आहे, किंवा गाडी प्रत्यक्ष चालवत कोण होतं हे सांगणारा साक्षीदारच नाही. शेवटचा मुद्दा अपघातानंतर गाडीबाहेर सापडलेल्या माणसाच्या केसमध्ये कळीचा असतो. पहिल्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सहा महिने असल्याने न्यायालयाने घटनेपासून एका वर्षात दखल घ्यावी लागते. उशीर माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तारखा मोजून बघा.

तारीख चुकवू नका. आजारी असाल तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्या. समन्सकडे दुर्लक्ष केलं की आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र. एका संध्याकाळची केस अटकेपर्यंत जाते ती बहुतेक वेळा याच आळसामुळे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो.

अपघात झाला असेल तर

इथून पुढे दहा हजारांची भाषा संपते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकारपणे गाडी चालवणं कलम २८१ मध्ये येतं, गंभीर दुखापत झाली तर १२५(ब) खाली तीन वर्षांपर्यंत कैद. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दारू प्यायलेल्या चालकाला मात्र पोलीस १०६ वर सोडत नाहीत. कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावायचा प्रयत्न होतो. आपल्या कृत्याने मृत्यू होऊ शकतो ही जाणीव असताना ते केलं असं सिद्ध झालं तर दहा वर्षांपर्यंत कैद, आणि हा गुन्हा अजामीनपात्र.

ही वाट न्यायालयांनी आधीच पक्की केली आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जण मेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क होता. उच्च न्यायालयाने जुन्या दंड संहितेच्या ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, अलिस्टर परेरा खटल्यात, कायम केली. निव्वळ निष्काळजीपणा आणि परिणामाची जाणीव यांतली रेषा कुठे पडते, हे त्या निकालात सविस्तर आलं आहे.

अपघातानंतर जखमीला दवाखान्यात पोहोचवणं, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ चं कर्तव्य आहे. जमावाच्या भीतीने जागा सोडावी लागली तर थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पळून जाऊन "उतरल्यावर" हजर होणं ही चाल आता फारशी चालत नाही. सीसीटीव्ही, हॉटेलचं बिल, यूपीआयची नोंद यांवरून पिण्याची वेळ आणि प्रमाण मांडता येतं. रक्ताचा नमुना बदलण्याचा प्रयत्न तर मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतो. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी झालेल्या पोर्शे अपघातानंतर नमुना बदलल्याच्या आरोपावरून चालकाच्या पालकांना आणि डॉक्टरांना अटक झाली.

चालक अल्पवयीन असेल तर त्याच कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीचा मालक आरोपी होतो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. मोठ्यांच्या बाबतीतही मालक सुटत नाही. चालक प्यायला आहे हे दिसत असताना "काही होत नाही, घे गाडी" म्हणून चावी देणारा कलम १८८ प्रमाणे चिथावणीसाठी तीच शिक्षा भोगू शकतो. कंपनीच्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी हे कलम भिंतीवर लावावं.

विमा आणि बाकीचे कागद

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नामंजूर होतो, पॉलिसीत तसं सरळ लिहिलेलं असतं. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात संरक्षणालाही हाच अपवाद आहे. इथे विमा कंपनीला ३० मिलिग्रॅमचा आकडा लागतोच असं नाही. चाचणी झालेली नसली तरी इतर पुराव्यांवरून चालक दारूच्या अंमलाखाली होता हे कंपनी दाखवू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात म्हटलं. म्हणजे फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटलात तरी दावा बुडू शकतो. त्रयस्थ व्यक्तीची भरपाई हा तर घर विकायला लावणारा भाग आहे. दारूच्या अंमलाखाली चालवणं हा आता विमा कंपनीचा कायदेशीर बचाव आहे. अशा बचावात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मृताचं वय कमी आणि पगार चांगला असेल तर ही रक्कम कोटीच्या पुढे सहज जाते.

पासपोर्ट काढताना किंवा नूतनीकरण करताना प्रलंबित फौजदारी खटला लपवू नका. पोलीस पडताळणीत तो निघतोच, आणि मग खोटी माहिती दिल्याचं वेगळं प्रकरण होतं. खटला चालू असेल तर ज्या न्यायालयात तो आहे तिथून परदेशी जाण्याची परवानगी घेऊन अर्जाला जोडायची असते. कॅनडासारखे देश मद्यपान करून गाडी चालवणं गंभीर गुन्हा धरतात आणि तिथल्या व्हिसा अर्जात गुन्ह्यांची माहिती विचारलेली असते. खटला संपला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत, दंड भरल्याची पावती आणि अपात्रता संपून परवाना पुन्हा चालू झाल्याची नोंद एकत्र ठेवा. कोर्टातून प्रमाणित प्रत काढायची ती निकालाच्याच आठवड्यात काढा. काही वर्षांनी रेकॉर्ड रूममधून तीच प्रत मिळवायला महिनाभर खेपा घालाव्या लागतात.